एका बटणाची मारामारी

मंगळवार, २२ एप्रिल

आज मी एका माणसाला दोनदा लोळवलं. कुठला होता ते माहीत नाही. शॅरन म्हणाली, ब्राझीलचा असेल नाहीतर भाईंदरचा, तिथं कळत नाही.

ही डायरी जेफ्रीच्या ऑफिसातून येते. जेफ्री माझा मुलगा. दरवर्षी एक आणून देतो आणि दरवर्षी मी तिच्या पानांवर लसूण सोलते. चौथीपर्यंत शाळा शिकलेल्या बाईनं काय लिहायचं? पण आज वाटलं, हे लिहून ठेवावं. एकाहत्तराव्या वर्षी माणूस पहिल्यांदा मारामारी करतो आणि जिंकतो, ते कुठंतरी राहायला पाहिजे.

शॅरन म्हणजे जेफ्रीची मुलगी, माझी एकुलती नात. तिची आई मस्कतला नर्स आहे, म्हणून पोर माझ्याच हाताखाली वाढली. आता दिवसा अंधेरीला ऑफिसात बसते आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मारामारी करते. हातात तो रिमोट असतो, ती त्याला कंट्रोलर म्हणते. टीव्हीत दोन माणसं समोरासमोर, एक आपलं, एक दुसऱ्याचं, आणि तो दुसरा इंटरनेटवरून कुठूनही खेळतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, अगं सोडव त्यांना.

तर त्या खेळात दोन तऱ्हा आहेत. शॅरनची तऱ्हा अवघड. हातातून आगीचा गोळा सोडायचा असेल तर डाव्या अंगठ्यानं खाली, मग तिरपं, मग पुढं असं गोल फिरवायचं आणि त्याच क्षणाला उजव्या हाताने बुक्कीचं बटण दाबायचं. जरा मागंपुढं झालं की गोळा नाही, नुसती हवेत बुक्की. दुसरी तऱ्हा सोपी. एक बटण दाब, गोळा तयार. त्याला शॉर्टकट म्हणतात. गोळा थोडा कमी लागतो आणि दोनचार डाव त्यात मिळतच नाहीत, पण काम होतं.

शॅरनला हा शॉर्टकट डोळ्यासमोर नको असतो. गेल्या वर्षी अंधेरीच्या त्या गेमिंगच्या हॉलमधली मोठी स्पर्धा ती शेवटच्या मॅचला हरली, तीही मुलुंडच्या मुकुल नावाच्या मुलाकडून, एका बटणावर खेळणाऱ्या. भर हॉलमध्ये त्याला म्हणाली, जा, बाळांची बटणं दाब. घरी येऊन जेवली नाही. जो जिंकतो त्याला बेंगळुरूला पाठवतात, तिथं देशभरातले येतात. शॅरनला तिथं जायचंय, कॉलेजात होती तेव्हापासून. यंदा एक जूनला परत आहे.

आणि आज कधी नव्हे ते तीच म्हणाली, आजी, तू खेळशील का? मी म्हटलं, मला काय येतंय. आधी तिची अवघड तऱ्हा करून बघितली. माझ्या हाताला आयुष्यभराची एकच सवय, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. अंगठा पण तसाच फिरला. माझा माणूस आधी उडाला, मग खाली बसला, मग इकडे तिकडे बघत राहिला आणि समोरच्यानं त्याच्या कानाखाली दिली. शॅरन म्हणाली, आजी, तू क्रूस काढतेयस. मग तिनंच एका बटणाची सोय लावून दिली.

माणूस मी जाड मिशीवाला घेतला. थेट माझ्या रोझारिओसारखा दिसतो, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. खऱ्या रोझारिओला मी उभ्या आयुष्यात कधी मनासारखं हलवू शकले नाही. पाणी भर म्हटलं तर पेपर उचलायचा. हा बटण दाबलं की धावत जातो.

नाव द्यायचं असतं. शॅरननं लिहिलं, वाकोल्याची आजी.

शुक्रवार, २५ एप्रिल

पोरीला माझा किती लळा आहे. ऑफिसातून येते, स्वतःचा खेळ बाजूला ठेवते आणि माझ्या नावावर, माझ्या एका बटणावर, मला खेळून दाखवते. मी म्हणते दे आता, तर म्हणते, थांब आजी, अजून एक दाखवते. काल दाखवता दाखवता तिची सगळी संध्याकाळ गेली. मी मध्येच उठून मासळी तळून आले तरी ती मला दाखवतच होती.

एक मात्र आहे, कामाला फार आळशी झाली आहे. कपडे पिळत नाही, तसेच गळके टाकते दोरीवर. काल बरणीचं झाकण काढायला माझ्याकडे आली. मी म्हटलं, ब्राझीलच्या माणसाला मारतेस आणि लिंबाच्या लोणच्याला घाबरतेस? हसली. डावा हात उशीखाली घालून बसते, राणीसारखी.

बुधवार, ३० एप्रिल

माझं नाव वर चढलंय. त्या खेळात पायऱ्या असतात, नवा माणूस तळाला आणि जिंकत गेला की वर. मी आज दुपारी उघडून बघते तर मी मधल्या पायरीवर. मी तर दोन दिवस हात लावला नव्हता. शॅरनला विचारलं. म्हणाली, आजी, ते नाव मुरत असतं, लोणच्यासारखं, ठेवलं की आपोआप.

विज्ञान कुठं गेलं बघा.

अनयचा फोन आला होता. हा अनय शॅरनचा मित्र, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहतो, बँकेत आहे, दिसायला चांगला पण पोट नाही, बरगड्या मोजता येतात. तोही शॅरनसारखाच अवघड तऱ्हेचा, त्याला ती मॅन्युअल म्हणतात. शॅरननं फोन घेतला नाही म्हणून मी घेतला. म्हणाला, आजी, काल संध्याकाळी तुम्ही मला हरवलंत, मी रात्रभर विचार करत होतो. मी म्हटलं, होतं असं बाळा, मनाला लावून घेऊ नको. फोन ठेवल्यावर आठवून बघितलं, तर मला काही केल्या त्याला मारलेलं आठवेना. काल संध्याकाळी तर मी पेडणेकरांच्या बाळाच्या बारशाला होते. आता वय झालं. कुणाला मारलं, कधी मारलं, राहत नाही डोक्यात.

रविवार, ४ मे

चर्चमधली मिस्सा झाल्यावर अनय घरी आला. म्हणजे मिस्सा आमची, तो काही येत नाही, पण आमच्या रविवारच्या फुग्यांची वेळ त्याला बरोबर माहीत आहे. तांदळाचे नाही हो, मैद्याचे, ताडीत आंबवून तळलेले, कोणाला माहीत नसेल तर.

खाता खाता वाद निघाला. अनयचं म्हणणं, शॉर्टकट म्हणजे सरळ चीटिंग. हाताला शिकवायला वर्षं जातात, रोज तेच तेच फिरवावं लागतं, तेव्हा कुठं अंगठा ऐकतो. आणि कोणी नवा येतो, एक बटण दाबतो आणि बरोबरीला उभा राहतो, मग आपण केलं ते काय? मला वाटलं, आता शॅरन दुप्पट बोलेल, तिचंच तर हे भाषण. ती ताटातला फुगा उसवत बसली.

म्हणून मीच बोलले. म्हटलं, अरे, बटण एकच असलं तरी कधी दाबायचं ते बटण सांगतं का? समोरचा उडी मारणार की बसणार ते मलाच बघावं लागतं. तू गोल फिरवतोस, त्यात तुझं अर्धं लक्ष अंगठ्यात. माझं सगळं लक्ष तुझ्यात.

शॅरन माझ्याकडे बघत राहिली, अशी की जणू मी इंग्रजी बोलले.

मग अनयनं मला पकडलं. म्हणाला, आजी, मग पुढच्या आठवड्यात तुम्ही बाटली मसाला कांडणार, तो उखळातच का? चक्कीवर द्या की. आता याला काय सांगायचं. आमच्या गावठाणातला मसाला आजवर चक्कीवर गेला नाही, चक्कीत तो तापतो, वास उडतो. म्हटलं, मसाला वेगळा, मारामारी वेगळी. तो हसला, शॅरन पण हसली. मी नाही हसले, मी बरोबर होते.

गुरुवार, ८ मे

मे महिना म्हणजे रोज संध्याकाळी गल्लीतल्या क्रुसापाशी रोजरी, मरीयामातेची जपमाळ, मग गाणी, मग चणे आणि गप्पा. मी एक दिवस चुकवत नाही. परत येते तोवर माझं नाव आणखी वर. मी म्हटलं शॅरनला, ही मरीयामातेची कृपा. ती म्हणाली, हो आजी, तीच म्हणायची.

पण एक गोष्ट इथं खरी लिहिते, वाचणारं कोणी नाही. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा मी एकटी खेळते आणि बहुतेक वेळा हरते. आज एकानं मला असं धुतलं की माझा रोझारिओ पुन्हा उठलाच नाही. इतक्या वरच्या पायरीवरची बाई मी, आणि असं का व्हावं? विचार केला तेव्हा कळलं, दुपारी जेवण अंगावर येतं. संध्याकाळी मी तेज असते.

मंगळवार, १३ मे

आज दिवस लक्षात राहील.

सकाळपासून अंगणात कांडण. द्रौपदी दरवर्षी माहुलहून येते, तिच्याबरोबर आणखी दोघी. मिरच्या आठवडाभर गच्चीवर वाळवल्या होत्या, बाकीचं सगळं मी भाजून ठेवलं होतं. उखळ मध्ये, तिघी उभ्या, मुसळं एकामागोमाग एक खाली येतात, एकदाही एकमेकांना लागत नाहीत, तोंडाला फडकी बांधलेली. अख्खी गल्ली शिंकत होती. शॅरननं मुद्दाम सुट्टी घेतली आणि मुसळाला हात लावला नाही. दरवर्षी हट्टानं कांडते ती. मी द्रौपदीला ऐकू जाईल असं म्हटलं, आमची राजकन्या यंदा फक्त बघणार. द्रौपदी म्हणाली, बघू दे बाय, नजरेनं पण तिखट होतं. शॅरन आत निघून गेली. जरा लागलं वाटतं तिला.

दुपारी मी गाळलेला मसाला बाटल्यांत ठासून भरला. बाटल्या बियरच्याच लागतात, काळ्या, ऊन आत जात नाही, आणि आमच्या जेफ्रीमुळं त्यांची कमी नाही. भरून झाल्यावर गाऊनला हात पुसले आणि जरा हात मोकळा करायला म्हणून थोडं खेळले. तेवढ्यात दारात अनय. हाफ डे घेऊन आला होता. म्हणाला, आजी, आज समोरासमोर होऊन जाऊ दे, त्याशिवाय मला झोप लागणार नाही.

पाहुण्याला चांगलं द्यावं. घरात दोन रिमोट आहेत, एक जुना आणि एक नवा. मी खेळत होते तो नवा त्याच्या हातात दिला आणि जुना मी घेतला.

पहिला डाव तो जिंकला, खोटं कशाला सांगू. मग घाम आला म्हणून त्यानं दोन्ही डोळे चोळले. दुसऱ्या डावात मी रंगात आले आणि पोराची हार डोळ्यांतून बाहेर आली हो. घळाघळा. नाक लाल, डोळे लाल, समोरचं दिसेना बिचाऱ्याला, तरी खेळत होता, तोंडानं नुसतं आजी, आजी म्हणत होता. मी दया दाखवली नाही. खेळात दया दाखवली की समोरच्याचा अपमान होतो. दुसरा डाव माझा, तिसरा माझा. तो उठून सरळ मोरीत गेला आणि नळाखाली डोकं धरलं. किती मानी मुलगा. मी त्याला नारळाची वडी दिली आणि म्हटलं, जगात सगळ्यांनाच कधी ना कधी हरावं लागतं.

शॅरन एवढी हसली की जमिनीवर बसली. मला वाटलं, आजी जिंकल्याचा आनंद. मग उठून तिनं दोन्ही रिमोट ओल्या फडक्यानं पुसले, पुन्हा पुसले, आणि पुन्हा हसली.

जाताना अनय दारात थांबून म्हणाला, आजी, तुम्ही एक जूनला येताय. मी आजच तुमचं नाव घालतो. शॅरनचं हसणं थांबलं.

बुधवार, १४ मे

शॅरन सकाळपासून एकच म्हणते, आजी, तू नको जाऊस. तिथं गर्दी असते, एसी फार असतो, मुलं शिव्या देतात. मी म्हटलं, शिव्या मी रोझारिओच्या मित्रांच्या ऐकल्यात, त्यापुढं ही पोरं काय. तरी नको म्हणते. अनयला पण फोन करून भांडली, तो म्हणे ऐकायलाच तयार नाही, डोळे सुजलेत त्याचे पण विश्वास पक्का झाला आहे.

मला वाटतं, पोरीला माझी धास्ती वाटते. दोघी एकाच स्पर्धेत, समोरासमोर आलो तर? तिचं बेंगळुरू माझ्यामुळं हुकलं तर? आता आजीनं काय करावं? माघार घेतली तर तिला कळेल की मी तिला कच्ची समजते. न घेतली तर मी कैदाशीण. उद्या फादरना विचारावं म्हणते. पण फादरना आधी खेळ समजावून सांगावा लागेल.

मंगळवार, २० मे

आज कळलं आणि माझंच मला वाईट वाटलं.

शॅरनच्या डाव्या मनगटाला पट्टा. अंगठ्यापासून वर कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत. मी विचारलं तर म्हणाली फॅशन आहे. पण जेफ्रीनं तिच्या पर्समध्ये डॉक्टरचा कागद बघितला. अंगठ्याची शीर सुजली आहे, फार दिवस. डॉक्टर म्हणाला, हाताला आराम दे, आणि ते गोल फिरवणं बंद म्हणजे बंद, नाहीतर ऑपरेशन. म्हणजे पिळायचे कपडे, बरणी, मुसळ, सगळं तेच होतं. आणि मी अख्ख्या गल्लीसमोर तिला राजकन्या म्हटलं.

ती मागच्या पायरीवर बसली होती. मी जाऊन शेजारी टेकले. मग ती म्हणाली,

"माझा अंगठा गेला आजी. खाली, तिरपं, पुढं होतच नाही आता. दहातले चार गोळे सुटतात."

"मग एक बटण दाब. मी दाबते तसं."

"सगळ्यांसमोर? मी मुकुलला काय बोलले होते ते सगळ्यांना पाठ आहे. हसतील मला."

"हसू देत. माझ्या लग्नात मी चर्चमध्ये पडले होते, आलतारासमोर. लोक अजून हसतात. रोझारिओ तर मरेपर्यंत हसला."

ती डोकं माझ्या खांद्याला टेकून रडली. मी म्हटलं, घाबरू नको, मी शिकवीन तुला माझी तऱ्हा. डोळे पुसत तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, शिकवशील? आणि रडता रडता हसायला लागली. मी म्हटलं, त्यात हसण्यासारखं काय, आजपासून सुरू.

शनिवार, २४ मे

देवा, काय हुशार पोर आहे. एका बटणाची तऱ्हा मी तिला चार दिवसांत शिकवली. शिकवली म्हणजे काय, मी एक सांगते तर ती पुढचे दहा आधीच करते. समोरचा उडी मारायच्या आत हिचा गोळा तिथं. जणू महिनाभर हेच करत होती. मी म्हटलं, तू माझ्यावर गेलीस. जेफ्री दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता, त्याला ठसका लागला.

तिनं पण माझ्याच जाड मिशीवाल्याला घेतलं. म्हणाली, सवय झाली त्याची. नुसतं बघून.

पण हे सगळं दार लावून. अनयला सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली. स्पर्धेत ती तिच्या जुन्याच तऱ्हेनं खेळणार म्हणते, पट्टा काढून, गोळी घेऊन. मी म्हटलं, मग शिकलीस कशाला?

शनिवार, ३१ मे

उद्या स्पर्धा. निळा ड्रेस इस्त्री केला. जेफ्री म्हणतो, मम्मा, सपाट चप्पल घाल.

शॅरन संध्याकाळी एकटी बसून अंगठा फिरवून बघत होती. खाली, तिरपं, पुढं. टीव्ही बंद होता. प्रत्येक वेळी डोळे मिटायची, दुखत असणार. मी आत गेले नाही. जाऊन काय म्हणणार होते? तिला हरायची भीती आहे की हसण्याची, ते मला नीट कळत नाही. मला तर दोन्ही कधी झेपलं नाही, पण माझं कोणी विचारलं पण नाही कधी.

रविवार, १ जून

सकाळची मिस्सा गाठून, जेवून, शॅरन, जेफ्री आणि मी रिक्षानं अंधेरी. हॉल दुसऱ्या मजल्यावर, काळोख, भिंतीला निळे लाल दिवे, लग्नाच्या हॉलमध्ये वीज गेली तर दिसेल तसा. सगळ्यांचे कान झाकलेले. गंधाली नावाची मुलगी माईकवर होती, हॉल तीच चालवते. तिनं माझं नाव घेतलं, वाकोल्याची आजी, आणि सगळा हॉल उठून टाळ्या. पोरं फोटो काढायला आली. एक म्हणाला, आजी, तुम्ही मला नऊ वेळा हरवलंय. मी म्हटलं, देव तुझं भलं करो. अनय माझी पाण्याची बाटली धरून मागे उभा, मंत्र्याच्या बॉडीगार्डसारखा.

माझ्यासमोर एक चष्मेवाली मुलगी आली, खुर्ची जरा लांब सरकवून बसली. माझ्या भीतीनं. मी तिला खूप सांगितलं, घाबरू नको. ऐकलं तिनं. मग मला असं धुतलं की काय सांगू. प्रत्येक ठोशाला सॉरी आजी, सॉरी आजी. दोन डाव, दोन्ही तिचे. माझ्या रोझारिओनं एकदा क्रूस पण काढला मध्येच.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मागून एक जण म्हणाला, ही ती नाहीच. दुसरा म्हणाला, आजीच्या नावावर दुसरंच कोणी खेळतंय, फेक आहे. मग कुजबुज सगळीकडे. गंधाली माईक बंद करून जवळ आली, गोड बोलली, आजी, घरी तुम्हीच खेळता ना? मी म्हटलं, मीच. शपथ घेऊ नये, पण घेतली, मरीयामातेची. दुपार आहे, मी दुपारी अशीच खेळते, हे पण सांगितलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान गरम झाले. एवढ्या लोकांत लबाड ठरायची ही पहिलीच वेळ. अनयनं पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली.

तेवढ्यात शॅरनचं नाव पुकारलं. तिची मॅच. ती खुर्चीकडे गेली नाही, माझ्याकडे आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोच पट्ट्याचा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"वाकोल्याची आजी मी आहे. एप्रिलपासून मीच खेळतेय. एका बटणावर. आजी त्या वेळी क्रुसापाशी रोजरी म्हणत असते, तिला काही माहीत नाही. माझा अंगठा गेलाय. हसायचं असेल त्यानं मला हसा."

मी काय लिहू. आजीची अब्रू राहावी म्हणून त्या पोरीनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. जिला त्या एका बटणाची लाज, तिनं भर हॉलमध्ये ती लाज मागून घेतली. क्रुसापाशी मी असते हे खरं, पण तेवढ्यानं माझा खेळ तिचा होतो का? पण मी तोंड उघडलं नाही. असं खोटं कोणी आपल्यासाठी बोलतं तेव्हा मध्ये बोलू नये, एवढं मला कळतं.

ती जाऊन बसली. बटणांची मांडणी बदलली, सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दिसलं. मागून आवाज आला, बाळांची बटणं, आणि हशा. तिचे कान लाल झाले, मला मागून दिसत होते. पण जाड मिशीवाला उतरला आणि पुढं मग हसायला कोणाला वेळ मिळाला नाही.

एकेक गेला. चष्मेवाली गेली, सॉरी म्हणतच. मग अनय समोर आला. तो खेळता खेळता तिसऱ्या डावात अचानक थांबला, हात तसेच, आणि पडद्याकडे बघत म्हणाला, तूच होतीस यार, रोज संध्याकाळी, तूच. तिनं मान पण वळवली नाही, गोळा सोडला. हरून उठला तर चेहरा असा, जसं याला कोणी काहीतरी बक्षीस दिलं. मग माझ्याकडे आला, माझ्या हातांकडे बघितलं, मग स्वतःच्या डोळ्यांना हात लावून बराच वेळ विचार करत उभा राहिला. हल्लीची मुलं फार हळवी.

शेवटी मुकुल. तोच मुलुंडचा. मला वाटत होतं मोठा दांडगट असेल, तर कृश, शांत, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. शॅरन त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, गेल्या वर्षी मी बोलले ते चुकीचं बोलले. तो म्हणाला, वेलकम. एवढंच. दोघं एका बटणाचे. पाच डाव झाले. शेवटच्याला दोघांचा जीव एका टोल्याइतकाच उरलेला, दोघं नुसते मागंपुढं पावलं टाकत, कोणी बटण दाबेना. मी रोजरी हातात घेतली होती ती तशीच राहिली. मुकुलनं उडी मारली. तो पाय उचलतो ना उचलतो तोवर तिनं दाबलं.

मी खुर्चीवर उभी राहिले होते म्हणे. मला आठवत नाही, जेफ्रीकडे फोटो आहे.

सोमवार, २ जून

अंग ठणकतं आहे सगळं. तरी सकाळी उठून डॉक्टरकडे गेलो, दोघी. डॉक्टर म्हणाला, एक बटण चालेल, पट्टा घालून, रोज थोडा वेळ. शॅरननं दोनदा विचारून घेतलं.

गावठाणात सगळ्यांना कळलं. फादर म्हणाले, व्हायोलेट, तुझी नात म्हणे एका बटणावर जिंकली. मी म्हटलं, फादर, बटणानं नाही, कधी दाबायचं ते कळलं म्हणून. शिकवलं मीच, पण ते मी बोलले नाही. उगीच मोठेपणा.

दुपारी गंधालीचा फोन आला, बेंगळुरूला कुठल्या नावानं पाठवायचं? शॅरननं फोन हातानं झाकला आणि माझ्यासमोर येऊन बसली, अगदी खाली जमिनीवर. म्हणाली, आजी, मला वाकोल्याची आजी म्हणून जायचंय, चालेल का? नाव तुझं आहे. आणखी काहीतरी सांगायचं होतं तिला. म्हणाली, आजी, काल मी तिथं बोलले ना, ते तसं खरंच...

मी तिला पुढं बोलू दिलं नाही. म्हटलं, काल तू माझ्यासाठी बोललीस, मला सगळं समजलं, आता त्याचं नाव काढू नको. आणि घे हे नाव, खुशाल घे. मी काय आता बेंगळुरूला जाणार आहे? पण जपून वापर. वरच्या पायरीपर्यंत न्यायला मला फार मेहनत पडली आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, हो आजी, जपून वापरते.